ताप आलाच नाही

३ मार्च
ठमीला टोचून आणलं. दीड वर्षाची पोर — रडली घटकाभर, पण नर्सबाईंचं पेन लंपास करूनच घरी आली.

खालच्या मजल्यावरच्या जाऊबाई दारातच. "हसत्याखेळत्या पोरीला कशाला दुखणं विकत आणतेस?" त्यांच्या गोट्याला आजवर एकही लस नाही. पलीकडच्या गल्लीत गोवर आलाय. ठमीची काळजी नाही, गोट्याचा मात्र घोर लागून राहिलाय. म्हणून ठोकून दिलं, "वहिनी, रात्री ताप येईल बघा. ताप आला की समजायचं, लस लागू पडली."

४ मार्च
ताप नाही.

५ मार्च
अजून नाही. पोरगी घरभर हुंदडतेय आणि मी तिच्यामागे कपाळ चाचपत. जाऊबाई म्हणाल्या, "पाणी टोचलं असेल." हे पेपरामागे हसत होते, पेपर हलत होता. पोरीला ताप येत नाही म्हणून रडकुंडीला आलेली आई मीच!

६ मार्च
दवाखाना गाठला. माझी फजिती बघायला जाऊबाईही आल्या, गोट्याला कडेवर घेऊन. नर्सबाईंना म्हटलं, ताप आलाच नाही, पुन्हा टोचा. त्या इतक्या हसल्या की टेबल धरावं लागलं. "अहो, कुणाला येतो, कुणाला नाही. लस दोघांच्याही अंगात काम करते. आलाच तर औषध देते ना मी."

मी गोरीमोरी. घराशी आल्यावर जाऊबाई हळूच म्हणाल्या, "म्हणजे यायलाच हवा असं नाही? माझ्या धाकट्या भावाला लहानपणी तापात झटके आले होते गं. तापाचं नाव काढलं तरी माझे हातपाय गळतात."

आणि मी शहाणी तापाचीच जाहिरात करत बसले होते! जीव थोडा थोडा झाला. म्हटलं, "आला तरी मी बसेन तुमच्याजवळ." त्यांनी जाताना ठमीचा पापा घेतला.

१० मार्च
गोट्याला टोचलं! तो केकाटला, जाऊबाई केकाटल्या आणि चक्कर आली ती मला. नर्सबाईंनी आत नेलं, दोन प्रश्न विचारले, तपासलं. बाहेर आले, तर जाऊबाईंनी चेहऱ्यावरूनच ओळखलं.

"बाही वर कर," म्हणाल्या. "आता दोन जिवांची आहेस, तुलाही धनुर्वाताचं टोचायचं. हात मी धरते."