बाबांच्या कोठारातली फुलं

प्रिय डॉर्सीदादा,

घशातली गाठ काढली. पुन्हा धूम्रपान केलंत तर भाषणं विसरा, असं डॉक्टरांनी बजावलं. सिगरेट सोडली, पण सकाळी कॉफी घेऊन पायरीवर बसलं की बोटं काहीतरी शोधत राहतात. तुझ्या क्लेटसने नशा न चढणाऱ्या भांगेची फुलं दिली. तंबाखूची शेती परवडेनाशी झाल्यापासून केंटकीतल्या आपल्या शेतात तो हेच पिकवतो. कागदात गुंडाळून पेटवली, तर पहिल्याच झुरक्याला तंबाखूची चव.

"फसवलंस ना रे मला?"

"नाही गं आत्या. आजोबांच्या कोठारात वाळवलीत. पिढ्यान्‌पिढ्या तंबाखू टांगलीय तिथे. सिगरेट तू सोडलीस, कोठाराने कुठे सोडलीय?"

मी विझवली. आता न पेटवताच बोटांत धरून बसते, आणि नवल म्हणजे हात शांत होतात. तंबाखू आमचं रक्त आहे, असं मी तंबाखू शेतकऱ्यांच्या सभांमध्ये गरजत आले. ते रक्त पानात होतं, की आपण दोघं त्या पायरीवर बसायचो त्यात? ऑक्सिजनची नळी लावून बसलेल्या तुला यातलं काय आठवतं, ते विचारायचंय. पण क्लेटसचं उत्तर वाचून तू हसशील, आणि हसलास की तुझा श्वास अडकतो. म्हणून हे पत्र न पाठवता कोठारातच टांगते.

अजून आवाज शाबूत असलेली, तुझी
आर्वेला