अंगठ्याचा खळगा

४ मार्च
आले एकदाची. खाली चपला-बुटांचं दुकान, वर माझी खोली, आणि मध्ये कुठेही आई नाही. मालकीणबाईंनी पलंग, आरसा आणि दुकानातलं एक जुनं ठेंगणं स्टूल दिलं. गिऱ्हाइकाच्या पायाशी बसून माप घ्यायचं असतं ना, तसलं. मी ते उशाशी ठेवून त्यावर गोळ्यांचा डबा मांडला. आईने बांधून दिलेला वजनकाटा घरीच दाराआड मुद्दाम विसरले. रोज सकाळी त्याच्यावर उभी राहत बावीस वर्षांची झाले, आता पुरे.

९ मार्च
काम जमतंय. गिऱ्हाइकाने बूट घातला की पुढून अंगठ्याने दाबायचं, बोटांना जागा आहे का बघायचं. माझ्याबरोबर काम करणारी चष्मिस म्हणते, तुझा अंगठा उलटतपासणी घेतो. तिने छातीवरच्या उभ्या व्रणाचं विचारलं. सांगितलं, बाकीच्यांच्या हृदयात रक्त ढकलणारे कप्पे दोन, माझ्याकडे एकच. लहानपणी ऑपरेशनं करून डॉक्टरांनी त्या एकट्याच्या गळ्यात सगळा संसार बांधला. ती चष्मा पुसायला लागली, म्हणून मीच हसले.

पुढचं नाही सांगितलं. गेल्या तपासणीत डॉक्टर म्हणाले, तो एकटा कप्पा थकत चाललाय. वजन एकदम वाढलं, पाय सुजले किंवा आडवं झाल्यावर दम लागला, तर त्याच दिवशी यायचं. गेले की आई मला परत इथे पाठवायची नाही, हे काय वेगळं सांगायला हवं.

१७ मार्च
नवे बूट चावतायत. माप मीच घेतलं होतं. दिवसभर उभं राहायचं म्हटल्यावर होणारच. एक नंबर मोठे घेतले. चष्मिस म्हणाली, या वयात पाय वाढणारी तू पहिलीच.

स्टूल आज पलंगाच्या पायथ्याशी होतं. झाडताना मीच सरकवलं असेल.

२४ मार्च
सुट्टी. दुपारी डोळा लागला. उठले तर दोन्ही नडग्यांवर खळगे. अंगठ्याएवढे, ओळीने, घोट्यापासून वर. डॉक्टर लहानपणापासून असंच दाबून बघतात, सूज असली की खळगा तसाच राहतो. पण मी दाबलं नव्हतं, आणि दाराला आतून कडी होती. स्टूल पायाशी. गोळ्यांचा डबा जमिनीवर, नीट ठेवलेला.

मालकीणबाईंना विचारलं, यावर कोण बसायचं. म्हणाल्या, आमचा जुना माणूस. माप घेता घेताच गेला बिचारा, गिऱ्हाइकाचा पाय त्याच्या मांडीवरच होता. आणि त्या पुन्हा बिलं करायला लागल्या. मी स्टूल खाली गोदामात टाकून आले.

२६ मार्च
स्टूल वर आलंय. जिना चढताना मध्येच बसावं लागलं. बूट आणखी मोठे. रात्री उशांची चळत लावते. आईचा फोन आला, ठणठणीत आहे म्हटलं, आणि ठेवल्यावर रडले. भीती वाटतेय. त्या गेलेल्या माणसाची जास्त, की आईला खरं सांगायची — कळत नाही.

२७ मार्च
खळगे गुडघ्यांवर. आज जागी होते, भर दिवसा. दिसत काहीच नाही. कातडी आत जाते, थांबते, मग जरा वर — पुन्हा. घाई नाही त्याला. मला गिऱ्हाईक म्हणून बसवलंय.

२८ मार्च
पोटावर. एकही बूट चढत नाही. आडवं होता येत नाही — बसूनच —

आईला फोन केला. सगळं सांगितलं, पायांचं, उशांचं. स्टुलाचं नाही. ती रागावली नाही. म्हणाली, गाडी पाठवते, मीही निघालेच, कडी तेवढी काढून ठेव.

कडी समोरच आहे. पाय हलत नाहीत. कुणीतरी ते मांडीवर घेतलेत.

खाली गाडी थांबली. जिन्यावर पावलं. दार वाजतंय — हाक मारतायत — माझा आवाज फुटत नाही, म्हणून लिहितेय — कडी आतून —

व्रणावर अंगठा. सावकाश. खळगा पडला. भरून ये