चौकातला दवाखान्याचा बाण

प्रति,
मा. अधिकारी,
फलक व नोंदणी विभाग,
नगर कार्यालय.

विषय : विलंब माफ करून सोबतचे उत्तर दाखल करून घेणेबाबत व चौकातील ‘दवाखाना’ हा फलक तातडीने उतरवणेबाबत.

संदर्भ : १) आपल्या कार्यालयाचे चौकशीपत्र (जावक क्रमांक घडीवर आल्यामुळे वाचता येत नाही).
२) खिडकीवरील लिपिकांशी अर्जदाराची समक्ष भेट.

महोदय,

१. संदर्भातील पत्राला अर्जदाराने उत्तर दिले नाही. पत्र मिळालेच नाही, असे त्याचे म्हणणे नाही. ते मिळाले, त्याच दिवशी वाचले आणि जपून खिशात ठेवले. पत्रात विचारणा एवढीच होती की, ‘सदर जागेत दवाखाना चालू आहे किंवा कसे, हे लेखी कळवावे. मुदतीत उत्तर न आल्यास दवाखाना चालू आहे असे समजण्यात येईल.’ दुसऱ्या कोणीही त्या पत्राच्या पाठीवर ‘बंद आहे’ असे लिहून ते परत धाडले असते. अर्जदाराची पत्नीही हेच म्हणाली. परंतु अर्जदाराची सारी नोकरी ग्रंथालयात पुस्तकांच्या नोंदी तपासण्यात गेली. जे स्वतः पाहिले नाही त्याखाली सही करायची नाही, ही सवय हाडीमांसी खिळलेली. त्याने हा दवाखाना चालू असताना कधी पाहिलेला नव्हता. मग तो बंद झाला, असे कोणत्या तोंडाने लिहावे? डॉक्टरांनी तो दुसरीकडे हलवला असेल, किंवा तात्पुरता बंद ठेवला असेल. खात्री करून घेण्यासाठी, ज्याने हे घर अर्जदाराला विकले त्या, डॉक्टरांच्या मुलाला अर्जदाराने पत्र लिहावयास घेतले. त्याचा मायना पुन्हा पुन्हा बदलला. तेही पत्र टपालात पडले नाही.

२. पूर्वी दवाखाना असलेले हे घर अर्जदाराने व त्याच्या पत्नीने उतारवयात, आयुष्याच्या शिलकीतून घेतले आहे. ते राहण्याजोगे करण्याचे काम चालू आहे; तोवर मुक्काम भाड्याच्या खोलीत आहे. पुढच्या खोलीत भिंतीला धरून दोन बाके फरशीत पक्की बसवलेली आहेत; ती निघत नाहीत. प्रत्येक खोलीत भिंतीला बसवलेले, हात धुण्याचे एक भांडे आहे. औषधे देण्याच्या लहान खिडकीतून यापुढे स्वयंपाकघरातली ताटे बाहेर द्यायची, असे पत्नीने ठरवले आहे. भिंतीवरची ‘शांतता राखा’ ही अक्षरे रंगाचा हात दिला की वाळताना पुन्हा वर येतात. रंगारी वैतागून म्हणाला, “काकू, ही अक्षरं नाहीत, हा रोग आहे.” हे सर्व अर्जदाराला मान्य आहे. जुने घर म्हटले की एवढे चालायचेच.

३. परंतु चौकात आपल्या कार्यालयाचा फलक उभा आहे. त्यावर ‘दवाखाना’ असे लिहून खाली बाण काढला आहे आणि तो बाण अर्जदाराच्या दाराकडे आहे. पहिल्या आठवड्यातच अंगठ्याला फडके गुंडाळलेला एक सुतार आत येऊन बाकावर बसला. अनोळखी माणसाशी बोलणे अर्जदाराला जमत नाही. त्याने सुताराला पाणी दिले. सुताराने अंगठा पुढे केला. अर्जदाराने तो बघितला. रंगाऱ्याचे हसून पोट दुखले. “काका, तुम्ही आता गळ्यात ती नळी अडकवाच. हात गुण देणारा दिसतोय.” पुढे कोणी खोकत आले, कोणी पोट धरून आले. दाराला आतून कडी घातली तर माणसे पायरीवर बसून राहत, कारण त्यांना वाटे, डॉक्टर जेवत असतील. पत्नी प्रत्येकाला परत पाठवी आणि मग अर्जदाराकडे वळे. “अहो, ‘नाही’ एवढासा शब्द. तोही तुमच्या तोंडून निघत नाही?”

४. तो निघाला नाही, त्याचा परिणाम पुढीलप्रमाणे झाला. एका दुपारी, घड्याळे दुरुस्त करणारे एक वयस्क गृहस्थ सुनेचा हात धरून आत आले. त्यांचा चेहरा ओल्या चुन्यासारखा झाला होता. सून म्हणाली, “डॉक्टर, बाबांना दरदरून घाम सुटलाय. हात दुखतोय म्हणतात.” अर्जदार गंजिफ्रॉकवर होता व हाताला रंग लागलेला होता. तो “बसा, आलोच” असे म्हणून आत गेला. त्याने हात धुतले, सदरा घातला आणि मनाशी एक वाक्य जुळवले : ‘क्षमा करा, आपला थोडा गैरसमज झालेला दिसतो.’ हे वाक्य घेऊन तो बाहेर आला, तेव्हा त्याचे धुतलेले हात पाहून त्या बाईंचा जीव भांड्यात पडला. डॉक्टर हात धुऊन तपासायला आले, असे त्यांना वाटले. त्यांनी सासऱ्यांची बाही वर सारूनही ठेवली होती. त्या बाईंचा निश्चिंत चेहरा पाहून अर्जदाराने ते वाक्य मनाशी पुन्हा पहिल्यापासून जुळवायला घेतले.

शेवटी पत्नी औषधांच्या खिडकीतून ओरडली, “अहो बाई, हे डॉक्टर नव्हेत! यांना साधा ताप मोजता येत नाही! उठवा त्यांना, गाडीत घाला!” रंगाऱ्याने आपल्या गाडीत रंगवायला न्यायला ठेवलेली घराची दारे रस्त्यावर टाकली आणि त्या गृहस्थांना मोठ्या रुग्णालयात नेले. ते वाचले. परंतु त्यांचे हृदय दुबळे झाले आहे. दुकानाचे शटरही आता त्यांना वर लोटू देत नाहीत. तेथील डॉक्टर सुनेला म्हणाले, “आणायला उशीर केलात.” उशीर तिने केला नव्हता. अर्जदार भेटायला गेला असता तिने त्याचे आभार मानले. ते ऐकून खाली मान घालून तो परत आला.

५. यानंतर अर्जदार आपल्या कार्यालयात समक्ष आला. खिडकीवरील लिपिकांनी कागदपत्र पाहून सांगितले, “आजोबा, उत्तर नाही म्हणजे दवाखाना चालू. चालू दवाखान्याचा फलक काढला, तर आजारी माणसांनी जायचं कुठं?” अर्जदार म्हणाला, तेथे दवाखाना नाही. त्यांनी विचारले, “तुम्ही बंद केलात का?” अर्जदार म्हणाला, मी चालू केलाच नव्हता. ते म्हणाले, “बघा, म्हणजे बंद कुणीच केलेला नाही.” अर्जदाराला हे म्हणणे क्षणभर पटलेही, हे त्याला येथे नमूद करावेसे वाटते. मुदत संपल्यामुळे उत्तर आता घेता येत नाही. आधी विलंब माफीचा अर्ज द्यावा आणि तो मंजूर व्हावा, असे समजले. साहेब दौऱ्यावर असल्याचेही समजले.

६. मधल्या काळात पत्नीने फलकावर पलंगपोस बांधला. आपल्या कार्यालयाच्या माणसाने तो सोडून, नीट घडी करून घरी आणून दिला आणि पुन्हा हात लावल्यास कारवाई होईल, अशी समज दिली. रंगाऱ्याने बाण पुसून देण्याची तयारी दाखवली. सरकारी मालमत्ता म्हणून अर्जदाराने ती नाकारली. त्यावर पत्नी जे बोलली ते असे : “तुमचा हा सरळपणा कुणाच्या तरी जिवावर उठणार आहे. या दारात माणूस गेला, तर मी या घरात पाऊल टाकणार नाही. मग बसा तुम्ही आणि तुमची पुस्तकं, त्या बाकांवर.” ती रागावली की आवाज चढवते. हे ती हळू बोलली.

७. तेव्हापासून अर्जदार रोज सकाळी खुर्ची व छत्री घेऊन चौकात त्या फलकाखाली बसतो. सुरुवातीला तो उठून उभा राही, ‘क्षमा करा’पासून आरंभ करी आणि वाक्य पुरे होण्याच्या आत माणूस बाणाच्या दिशेने निघून गेलेला असे. आता अर्जदार ओरडतो. “दवाखाना बंद! मोठं रुग्णालय उजवीकडे!” एवढेच. ज्याने वाचनालयात जन्मभर कुजबुजत काम केले, त्याला स्वतःचा हा आवाज ओळखू येत नाही. येणारे-जाणारे विचारतात, “काय डॉक्टर, आज बाहेरच तपासणी का?” त्याचे काही नाही. फरशी कोणती बसवायची हे विचारायला फरशीवाला चौकात येतो. भाड्याच्या खोलीचा मालक रिकामी करण्याची तारीख विचारायला चौकात येतो. अर्जदार दोघांनाही सांगतो की पत्नीला विचारा, आणि बोलता बोलता त्यांच्या खांद्यावरून रस्त्याकडे पाहत राहतो.

तथापि अर्जदाराला जेवायला उठावे लागते. तेवढ्या वेळात कोण बाणामागे गेले, हे त्याला कळत नाही. हातातला घास खाली ठेवून तो दोनदा पळत आला आहे. एकदा पायरीवर एक मुलगी आईला टेकवून बसली होती. नुसती भोवळ होती. पण ते उठवून पाहिल्यावर कळले.

८. महोदय, लवकरच अर्जदाराला व पत्नीला या घरात राहायला यावे लागेल. भाड्याची खोली सोडायची आहे. दिवसा अर्जदार बसेल. त्याबद्दल तक्रार नाही. परंतु रात्री त्या खुर्चीवर कोणी नसेल आणि बाण असेल. अर्जदार दाराची कडी ऐकत जागा राहील, पण बाकाच्या आशेने येता येता कोणी दूर अर्ध्या वाटेतच बसले, तर त्याला ऐकू येणार नाही. करिता विनंती की, विलंब माफ व्हावा. तो माफ होत नसेल तर दंड व्हावा. दंडही नियमात बसत नसेल तर निदान फलक आधी उतरवावा आणि अर्जदाराची चौकशी मागाहून, सवडीने, हवा तितका काळ करावी.

९. उत्तर सोबत जोडले आहे. ते या वेळी लिहायला अर्जदाराला अडचण आली नाही. त्याचा मजकूर असा : ‘सदर जागेत दवाखाना नाही. तेथे डॉक्टर नाही, औषध नाही. हे खाली सही करणाऱ्याने स्वतः, रोज, समक्ष पाहिले आहे.’

टपालपेटी चौकाच्या पलीकडे आहे. तेथवर जाऊन यायला अर्जदाराला वेळ लागतो, म्हणून पत्नी घरातले काम टाकून आली आहे व खुर्चीवर बसली आहे. “जा लवकर,” असे ती म्हणते आहे, “आणि हातात धरून उभे राहू नका, आत टाका.” त्याप्रमाणे अर्जदार हे पाकीट पेटीत टाकत आहे.

आपल्या निर्णयाची वाट पाहणारा, नम्र,

(सही)
अर्जदार
बाणाच्या टोकाचे घर

दिनांक : पाकिटावरील शिक्क्याप्रमाणे धरावा.

सोबत : १) चौकशीपत्राचे उत्तर, सहीसह.
२) मूळ चौकशीपत्र, घडीवर फाटलेले.