मार्थाचा नमस्कार

बाबा, गेल्या शनिवारी मी मँचेस्टरला गेले होते. तिथल्या एका चर्चच्या हॉलमध्ये माझा तो जुना सिनेमा पुन्हा दाखवला आणि नंतर माझा छोटासा सत्कार केला. आपल्याकडे शाल आणि नारळ देतात, इथे फुलांचा गुच्छ आणि मंडळीतल्या बायकांनी केलेला लेमन केक. तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुम्हाला एक ओळ लिहिली नाही, आणि आज लिहायला बसले ती कबुली द्यायला. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, 'काम असल्याशिवाय आमची आठवण येत नाही.' खरंच आहे ते. माझं मराठी बोलताना अजून अडखळतं, पण लिहिताना तुमच्या रविवारच्या शुद्धलेखनाची पुण्याई उपयोगी पडते. शिवाय हे पत्र पाठवायचं नाहीच आहे, तेव्हा सगळं लिहायला हरकत नाही.

मी सात वर्षांची असेन. इंग्लंडमधलं आपलं ब्रॅकनेलचं घर, पुढच्या खोलीत कार्पेटवर तुमच्या परीक्षेची जाडजूड पुस्तकं पसरलेली, आणि मी टीव्हीकडे जाताना त्यातल्या एकावर खुशाल पाय देऊन गेले. तुम्ही मला परत बोलावलंत. 'पाय लागला ना? नमस्कार कर.' मी म्हटलं, 'इट्स ओन्ली अ बुक, बाबा.' तुम्ही कधी आवाज चढवत नव्हतात, त्या दिवशी चढवलात. 'ओन्ली? या ओन्लीच्या जोरावर तुझा बाप साताऱ्याहून इथवर आलाय!' मग स्वतःच घाबरल्यासारखे खाली बसलात आणि करून दाखवलंत: हात आधी पुस्तकाला, मग डोळ्यांना. मी रडत रडत केलं. पुढे ते इतकं अंगवळणी पडलं की शाळेत कोणाच्या बॅगेला पाय लागला तरी माझा हात खाली जायचा आणि मुली फिदीफिदी हसायच्या. मग मी बुटाची लेस बांधल्याचं नाटक करायचे. माझ्या अभिनयाची सुरुवात तिथली म्हणायला हरकत नाही.

खरोखरच नटी व्हायचं ठरवलं तेव्हा आईने दोन दिवस अबोला धरला. तुम्ही एवढंच म्हणालात, 'भूक लागली तर फोन कर.' भूक पुष्कळदा लागली. टीव्हीवर मला मिळायची ती कामं म्हणजे दवाखान्यातली रिसेप्शनिस्ट, कॉर्नर शॉपवाल्याची बायको, आणि तीनदा तर जबरदस्तीच्या लग्नाला घाबरून पळालेली मुलगी. तिन्ही वेळा पळताना अंगावर नारिंगी सलवार-कमीज. मग ब्रिस्टलच्या एका छोट्या ख्रिस्ती फिल्म कंपनीने बोलावलं. चर्चमधून आणि शाळांमधून दाखवायचे सिनेमे ते काढायचे. बायबलमधल्या बायका काही इंग्लंडमधल्या गोऱ्या नसणार, एवढं त्यांच्या ध्यानात आलं होतं, आणि एकाएकी माझ्या तोंडी पानभर वाक्यं आली. आधी विहिरीवर येशूला भेटणारी शोमरोनी बाई, मग एक दासी, आणि मग बेथानीची मार्था, जवळजवळ नायिकाच. पुण्याच्या आत्याने तुम्हाला फोनवर विचारलं, 'पोरगी बाटली की काय?' तुम्ही म्हणालात, 'नाही गं, नोकरी करते.'

मार्थाची गोष्ट तुम्हाला माझ्यामुळे कळली. प्रभू येशू दोघी बहिणींच्या घरी येतो. मरीया त्याच्या पायाशी ऐकत बसते, आणि मार्था एकटी स्वयंपाकात राबते आणि चिडते. मी स्क्रिप्ट घेऊन घरी आले त्या रविवारी येशूची वाक्यं वाचायला दुसरं कोणी नव्हतं, म्हणून तुम्ही बसलात. मला अजून दिसतंय. तुम्ही ऑन-कॉल आहात, कमरेला हॉस्पिटलचा पेजर, तो ब्लीप, आहे, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि किचन टेबलाशी बसून प्रभूची वाणी वाचताय, तीसुद्धा पेशंटच्या नोट्स वाचाव्यात तशा आवाजात. आई पोळ्या लाटतेय. मध्येच लाटणं थांबवून ती म्हणते, 'अहो, मी तर मार्थाच्या बाजूची आहे. सगळ्याच ऐकत बसल्या तर पोळ्या कोण लाटणार?' तुम्ही मान वर न करता म्हणता, 'म्हणून तर तो रोल तुझ्या मुलीला मिळालाय.' मग माझ्याकडे बघता. 'तू नुसती चिडतेयस. चिडली आहे, ओके, पण तिची त्याच्यावर श्रद्धा आहे ना? ती कुठे दिसते?' मी म्हणते, 'पण हाऊ, बाबा? तसा लाइनच नाहीये.' 'मला काय माहीत? मी लोकांना भूल देणारा माणूस,' असं म्हणून तुम्ही पान उलटता. त्या दिवशी आपण तिघं किती हसलो होतो, आणि पोळ्या किती करपल्या होत्या.

शूटिंग ब्रिस्टलबाहेरच्या एका बंद पडलेल्या दगडखाणीत होतं. ऑक्टोबर संपत आलेला. बेथानीचं घर प्लायवूडचं, झग्यांखाली आम्ही सगळ्यांनी थर्मल्स घातलेली, आणि तोंडातून वाफ दिसू नये म्हणून प्रत्येक शॉटच्या आधी बर्फाचा खडा चोखायचा. उन्हाळ्याचे सीन आम्ही दात वाजवत केले. त्या सीनमध्ये मरीयेच्या मांडीवरून शास्त्राची गुंडाळी जमिनीवर घरंगळलेली आहे. मी परात घेऊन तरातरा येते, बहिणीकडे रागाने बघते आणि निघून जाते, एवढंच लिहिलेलं होतं. तिसऱ्या टेकला माझा पाय त्या गुंडाळीला लागला. आणि बाबा, मी थांबले, परात खाली ठेवली, वाकून गुंडाळीला हात लावला, डोळ्यांना लावला, परात उचलली आणि पुन्हा तेवढ्याच रागात चालू पडले. आपण काय केलं हे मला 'कट' ऐकल्यावर कळलं. आता बोलणी बसणार म्हणून मी उभी राहिले.

दिग्दर्शिका म्हणजे शाळेतून रिटायर झालेल्या एक बाई होत्या. त्या चक्क डोळे पुसत होत्या. सबंध सिनेमात मला जे हवं होतं ते हेच, म्हणाल्या, आणि विचारलं, हे तुला आलं कुठून? मला खरं सांगता आलं असतं. पण कंपनीत सगळे धरून चालले होते की मी चर्चला जाणारी आहे. मी कधी हो म्हटलं नव्हतं आणि नाहीही म्हटलं नव्हतं. आमच्या घरात गणपती आहे, पुस्तकाला पाय लागला की आम्ही असंच करतो, हे सांगितलं की ती एक परकी सवय ठरणार, टेक कापला जाणार आणि पुढचा सिनेमा दुसरीला मिळणार, हे सगळं एका क्षणात डोक्यात येऊन गेलं. मी म्हणाले, 'प्रार्थना करत होते, तेव्हा सुचलं.' कोणीतरी हळूच आमेन म्हणालं.

पहिल्या खेळाला तुम्ही ब्रिस्टलला आलात. आईला सर्दी होती. तुम्ही इंटरव्ह्यूचा सूट घालून, टाय लावून, शेवटच्या रांगेत बसलात. तो सीन आला तेव्हा मी पडद्याकडे बघतच नव्हते, तुमच्याकडे बघत होते. तुम्ही एकदम ताठ झालात. मग चष्मा काढून पुसलात, आणि तो तुमच्याने पुसून होईना. नंतर प्रश्नोत्तरं झाली आणि पहिलाच प्रश्न तो आला, हे सुचलं कुठून? तुम्ही समोर दिसत होतात तरी मी तेच उत्तर दिलं. टाळ्या वाजल्या, तुम्हीही वाजवल्यात.

परतीच्या वाटेवर आपण मोटरवेला लागलो. मग तुम्ही हीटर वाढवलात आणि म्हणालात, 'बरं केलंस. खरं सांगितलं असतंस तर त्यांना वाटलं असतं, मिस्टेक झाली. कापून टाकलं असतं.' मी म्हटलं, 'बाबा, मी...' 'अगं, ते आता सिनेमात आहे ना? झालं तर. कोणी शिकवलं हे कोण विचारतं?' पण ते विचारत होते, बाबा. नेमकं तेच विचारत होते. ऑपरेशनच्या आधी घाबरलेल्या पेशंटशी तुम्ही ज्या आवाजात बोलत असाल, तोच तो आवाज होता. मी तुमचं अपमान गिळणं बघितलं, आणि तुम्ही दिलेली भूल निमूटपणे घेतली. रेडिंग यायच्या आत मला झोपही लागली.

त्या एका नमस्कारावर माझं सगळं आयुष्य चाललं. पुढे मी हन्ना झाले, रूथची सासू झाले, आणि केस पिकल्यावर शेवटची भूमिका केली ती म्हातारपणी आई होणाऱ्या अलिशिबाची. बाप्तिस्मा मी घेतला नाही. प्रार्थना मात्र खरोखर करायला लागले, आधी खोटं लपवायला आणि मग लळा लागला म्हणून. येशूबद्दल मला मनापासून प्रेम आहे, हे तुम्हाला सांगायला मला कधीच संकोच वाटला नसता. संकोच वाटला तो तुमच्याबद्दल त्यांना सांगायचा. जिथे सिनेमा दाखवला तिथे तो प्रश्न आला, आणि उत्तर दर वेळी जास्त सफाईने बाहेर पडलं. शेवटच्या आजारपणात तुम्ही वॉर्डमधल्या प्रत्येक नर्सला सांगायचात, 'माय डॉटर इज मार्था.' मी पलंगाशी बसून तुम्हाला चमच्याने सूप भरवत होते. माफी मागायला दुपारच्या दुपार मोकळ्या होत्या, आणि मी हॉस्पिटलच्या पार्किंगबद्दल बोलत राहिले. तुम्ही तेही मन लावून ऐकलंत.

आता शनिवार. सिनेमा झाला, प्रश्न आला, मी उत्तर दिलं, केक कापला. चहाच्या टेबलाशी गर्दी होती. वीस-बावीस वर्षांची एक मुलगी कप सांभाळत मागे सरकली आणि तिच्या बुटाचा धक्का माझ्या पायाला लागला. तिने काही विचार न करता वाकून माझ्या बुटाला हात लावला आणि डोळ्यांना लावला. 'सॉरी, सॉरी मॅम!' शेजारी एक म्हाताऱ्या इंग्लिश बाई होत्या. त्या हरखून गेल्या. अगदी सिनेमातल्यासारखं, म्हणाल्या, किती पटकन शिकलीस तू यांच्याकडून! ती मुलगी हसली. 'ओ नो,' ती म्हणाली, 'हे माझ्या डॅडनी शिकवलंय. आमच्या घरी सगळेच करतात.' तोंडात बिस्कीट होतं तिच्या. इतकं सोपं होतं ते.

मग ती मराठीत म्हणाली, 'मॅम, तुमचं सरनेम बघून मी आले. मी कोल्हापूरची. तो सीन बघून मला इतकं घरच्यासारखं वाटलं ना!' त्या बाईंना मराठी कळत नव्हतं, पण त्यांनी माझा दंड धरला. काय हा चमत्कार, म्हणाल्या, या मुलीच्या घरची रीत, आणि देवाने तीच तुला प्रार्थनेत दाखवावी! मुलगी माझ्याकडे बघत होती. तिला सगळं समजलं होतं, आणि तरी चेहऱ्यावर तक्रार नव्हती. ती नुसती वाट बघत होती, मी बोलेन म्हणून. मी ज्या दासीचं काम केलं होतं, ती येशूला पकडून नेल्यावर शेकोटीशी बसलेल्या त्याच्या शिष्याला, पेत्राला विचारते की तूही त्याच्याबरोबरचाच ना, आणि तो नाही म्हणतो. तेव्हा मी पेत्र करणाऱ्या नटाला म्हटलं होतं, हो म्हणायला याचं काय जातं? आता गमावण्यासारखं माझ्याकडे काहीसुद्धा उरलेलं नाही, बाबा. पुढचा सिनेमा नाही, कोणाची भीती नाही. एक म्हातारी बाई, एक पोर आणि चहा.

मी म्हणाले, 'हो ना, खरंच चमत्कार आहे.' मुलीने मान खाली घातली आणि कप ठेवायला निघून गेली.

ट्रेनमध्ये मी रडले, तुमची माफी मागितली, घरी पोचल्यावर पुन्हा मागितली, ते सगळं खरं आहे. पण त्याच्या आधीचं एक राहिलंय. त्या मुलीची पाठ फिरली तेव्हा मी हॉलभर नजर टाकली, आणि तुम्ही आता कुठेच नाही आहात हे आठवून, बाबा, मला हायसं वाटलं.