कोनांचं अक्षर

२ फेब्रुवारी १९७४, सांगली
कुस्तीची पोस्टरं आज चौकात लागली. माझं अक्षर पहिल्यांदाच पूर्ण ओळीत पाहिलं. एकही गोलाई नाही. ठ म्हणजे टोकावर उभा केलेला चौकोन. ळ म्हणजे एकमेकींना चिकटलेल्या दोन शंकरपाळ्या. शिरोरेघ तुळईएवढी जाड. छपाईचे ठोकळे लाकडाचे, त्यात गोल कापताना कड उडते, म्हणून सगळं सरळ रेघांत काढलं होतं. धावत्या एस्टीतूनही वाचता येतं.
दादाच्या छापखान्यात एका गिऱ्हाइकानं विचारलं, कुणाचं हो हे अक्षर? दादा म्हणाला, "आपल्या छापखान्याचं." मी शेजारीच उभी. शाळेत चित्रकला शिकवणारी सख्खी बहीण, पण दिसली नाही त्याला.

११ मार्च
हळदीच्या बाजारातल्या बायका कामावर गेल्या नाहीत. हळद चाळतात तिथं सावलीला पत्रा आणि प्यायला नळ, एवढंच मागतायत. पुढारी हौसाबाई, आमच्या मागच्या गल्लीतली. दादा जेवताना म्हणाला, माजल्यात. वहिनी मान डोलावत होती. मी आणखी आमटी मागितली.

१५ मार्च
शाळेच्या वाटेवर भिंतभर पोस्टर. व्यापाऱ्यांचं, दादानं छापलेलं.
हळदीतल्या टोळीला काळं फासा.
माझ्या अक्षरात. दोन वेळा वाचलं.
संध्याकाळी हौसाबाई दारात. आत ये म्हटलं तर आली नाही.
"आवं बाई, ह्ये तुमी काढल्यालं अक्षार न्हवं?"
व्हय म्हटलं.
"मला वाचाय येत न्हाई. पर कुस्तीच्या कागदावर बगितलंय, तवा तुमीच सांगितल्यालं, म्हनून वळाकलं. आमास्नी वाटलं, कुस्तीच हाय कुटं तरी. शेजारणीनं वाचून दावलं तवा कळलं, आमच्यावरच हाय." थुंकली आणि गेली. माझ्या उंबऱ्यावर नाही, गटारात. तरी.

१७ मार्च, रविवार. सातारा
इमामभाईंकडे. छापखान्याचे ठोकळे यांनीच कापलेत. दादानं आणखी मोठा संच सांगितलाय, ते कापू नका म्हणायला गेले होते.
"बाई, मी लाकूड कापतो. त्याचे शब्द तुमच्या घरात बसवतात."
अक्षरांची माझी मूळ चित्रं तरी परत द्या म्हटलं. हसले. कागद लाकडाला चिकटवूनच कापतात, कापताना कागदही जातो. म्हणजे माझ्या हातचं आता काहीच उरलेलं नाही, जे आहे ते दादाच्या खणांत. नवीन संचाचे कागद? ते दादा अजून माझ्याकडून मागणार आहे म्हणे. मला न विचारताच सांगून मोकळा झाला.
चहा दिला. प्यायले नाही. परतीच्या गाडीत वाईट वाटलं, त्यांचा काय दोष. तरी राग काही जाईना.

२० मार्च
दुपारी दादा जेवायला घरी आला तेव्हा छापखान्यात गेले. ळ चे सगळे ठोकळे पिशवीत भरले. ळ नसला की हळद नाही, टोळी नाही, काळं नाही.

२१ मार्च
"चोर आहेस तू, कुसे."
"अक्षर माझं आहे."
"लाकूड माझं. शाई माझी. मशीन माझं. तुझं काय त्यात?"
मी ठोकळ्यांची पिशवी ट्रंकेत टाकून कुलूप लावलं. लाकूड त्याचंच आहे.
वहिनीनं माझं ताट वाढलं नाही.

२५ मार्च
तरी व्यापाऱ्यांचं नवं पोस्टर छापलंच. ळ च्या जागी दुसऱ्या टायपातले वाटोळे, बारके ळ. मधले दात पडल्यासारखी ओळ. बाजारातल्या बायका हसल्या म्हणे. पण वाचता येतंच. अर्थ तोच.

२८ मार्च
हौसाबाईकडे मीच गेले. तुमची मागणी भिंतीवर रंगवून देते म्हटलं. म्हणाली, "द्या."
साधं गोल अक्षर काढायला घेतलं तर तिनं हात धरला. "ह्ये नगं. त्येच काडा, टोकाचं. त्येंनी ज्येनं शिव्या दिल्या, त्येनंच बोलायचं हाय आमाला."
पाणी द्या. सावली द्या. दोन ओळी, पुरुषभर उंच. रेघा सरळ आल्या.

३० मार्च
भिंतीवर कुणीतरी डांबर फासलं. शाळेच्या मोठ्या बाईंनी बोलावून विचारलं, शिक्षिका आहात की पुढारी? वहिनीनं माझी ट्रंक ओसरीवर आणून ठेवली. दादा पेपर वाचत होता. पान उलटलं नाही त्यानं, म्हणजे वाचत नव्हता.
शाळेतल्या जोशीबाईंकडे राहायला आले.

३ एप्रिल
मधल्या सुट्टीत दादा शाळेच्या फाटकात. शर्टाला शाई. इमामभाईंनी नवे ळ कापायला नकार दिलाय. कागद बहिणीच्या हातचा आणा, म्हणाले. मला हे सांगताना दादाचं तोंड कडू झालं होतं.
"काढून दे. व्यापारी थांबलेत."
"आधी काय छापणार तो मजकूर दाखव."
"आता माझ्या छापखान्यात काय छापायचं ते तू ठरवणार?"
"माझ्या अक्षरात काय छापायचं, ते."
"वडील असते तर थोबाडीत मारली असती तुझ्या."
"तू मार."
पोरी खेळायच्या थांबल्या होत्या. त्याचा हात फाटकावर, माझाही. तो गेला नाही, मीही आत गेले नाही. खिशात घडी केलेला कागद होता त्याच्या, मजकुराचाच असणार. त्यानं तो काढला, परत ठेवला, परत काढला.