आईची घर बघायची रीत

४ जानेवारी, रविवार

'घर बघायला काय पैसे लागतात का साहेब!' — कचरू एजंटचं वाक्य.

आजचा खर्चा: डिझेल साडेतीनशे. कचरूचा नाश्ता आणि दोनदा चहा — एकशे ऐंशी. 'साहेब, गाडीत जरा पेट्रोल' म्हणून त्याला दोनशे. अर्धा दिवस मोटर-दुरुस्तीचं दुकान बंद, एक गिऱ्हाईक मोटर उचलून समोरच्याकडं गेलं — दोन हजार. फुकटचं घर बघणं पावणेतीन हजाराला पडलं. आणि घर? बाद!

दिसायला झकास होतं. पण नवा रंग कंबरेपर्यंतच, वर जुनाच. अर्धी भिंत कुणी कशाला रंगवेल? बोटानं ठोकून बघितलं — बद्द! ओल धरलेली. कचरू म्हणे, 'साहेब, भिंत हाय ती, मोटर न्हाई.' म्हटलं, बाबा, तीस वर्षं जळालेल्या मोटरींत नवी तार भरून राह्यलो. आधी ऐकतो, मंग उघडतो. कानावर दुकान उभं केलंय मी, कानावरच घर घेणार.

घाई आईमुळं आहे. जालन्यात दुकानामागच्या भाड्याच्या दोन खोल्यांत आम्ही चौघं कसेही मावतो. पण दिवाळीनंतर आई टेंभुर्णीत तापानं फणफणली, एकटीच. मला कळलं तिसऱ्या दिवशी! आता तिला तिथं एकटं ठेवायचं नाही. ती म्हणते, 'यीन. पण घर मला पसंत पडलं तर. न्हाई पडलं तर वढू नको.' आणि आईचं 'न्हाई' म्हणजे दगडावरची रेघ.

७ जानेवारी

बायकोचं, रेणुकाचं, म्हणणं: ओटा तिच्या उंचीचा हवा, कपड्यांना ऊन हवं, संडास स्वयंपाकघराला लागून बिलकुल नको. म्हटलं, आणखी? 'आणखी तुम्ही लोकांच्या भिंती ठोकत फिरू नका. बरं दिसत नाही.'

११ जानेवारी, रविवार

आईला टेंभुर्णीहून आणलं, नव्या कॉलनीतलं घर दाखवायला. गेट, वॉचमन, सिमेंटचे रस्ते.

या वेळी मी तयारीत होतो. गुरुवारी कुणाला न सांगता, वॉचमनकडून किल्ली घेऊन एकटाच जाऊन आलो होतो. मालकानं नटवलेलं घर बघू नये, झोपेतून उठलेलं बघावं! टपरीवाल्याला विचारलं, नळ कितव्या दिवशी येतो. टाकीत डोकावलो. न्हाणीत बादलीभर पाणी ओतलं — उतार बराबर, थेंब थांबला नाही. आणि शांतता अशी की शेजारच्यांच्या घड्याळाची टिकटिक ऐकू यावी. मी तर पास करून टाकलं होतं. आईनं फक्त मान हलवायची होती.

आई आत आलीच नाही. अंगणात उभी राह्यली, पदर खोचला, दोन्ही हात तोंडाशी धरले आणि — 'होऽऽऽ ओ!' रानात मेंढरामागं असताना मारायची तशी हाक! कचरूच्या हातून किल्ल्या पडल्या. समोरचा पडदा जरा हलला, परत सरळ झाला. आई थांबली. आणखी एक हाक. कुणी नाही. वॉचमन तेवढा काठी घेऊन पळत आला — 'मावशी, इथं आवाज करायला मनाई हाय!'

'चल रं बिभीषणा,' आई म्हणाली. 'न्हाई पसंत.'

'अगं, आत तरी ये!'

'आत काय बघायचं? आत भिंतीच असत्यात की.'

येताना गाडीत कचरू मागं फोनवर कुजबुजत होता. त्याला वाटलं मला ऐकू जात नाही — 'म्हातारी लई डेंजर हाय राव!'

१२ जानेवारी

सकाळी चहा घेताना विचारलं, हे काय नाटक होतं? आई म्हणाली, 'आमचा बाप मेंढरं घेऊन हिंडायचा, पण कुठं बी बसवत नव्हता. चारा बघायचा, पाणी बघायचा, मंग हाक मारायचा. दुसऱ्या कुणाच्या मुक्कामावरून ओ आली, तर बसायचं. न्हाई तर पुढं.'

म्हटलं, आई, ते लांडग्याच्या भ्यानं. कॉलनीत कुठले लांडगे?

तिनं रिकामी बशी माझ्या हातात दिली. मी बशी धुवायला गेलो.

दुपारच्या एसटीनं तिला टेंभुर्णीला पाठवलं.

१४ जानेवारी

संक्रांत. दुकानात तीळगूळ वाटला. येईल त्याला सांगितलं, पुढच्या संक्रांतीला आमच्या घरी या. स्वतःच्या!

१८ जानेवारी, रविवार

बदनापूर. आईला परत आणलं होतं. स्टेशनापासून जरा आत, जुनं पण पक्कं घर. पुढं तीन खोल्या, मधी अंगण, मागं दोन खोल्या. मालकीण सायरबाई, मारवाडी. नवऱ्याचं किराणा दुकान होतं, तो वारला. आता एकटीच. मुलगा अर्पित पुण्याहून घर विकायला आल्ता. आईला सोबत घेऊन जाणार.

स्लॅबला तडा नाही. बोअरची मोटर चालू करायला लावली — एका बेअरिंगची कुरकुर, बाकी ठणठणीत. रेल्वे गेली, भांडं वाजलं नाही. कागद रेणुकानं वाचले: नाव एकच, सायरबाईंचं; बँकेचा बोजा नाही. ओटा? ती उभी राहून बघून आली आणि हसली, म्हणजे बराबर.

तेवढ्यात पुढून हाक! मी कपाळाला हात लावला.

पण मागच्या खोलीतून लगेच — 'ओऽ! कोण हाय बाई? काय झालं?' सायरबाई लाटणं हातात घेऊनच धावत आल्या. आई अशी हसली! मी तिला असं हसताना कधी बघितलं, आठवत नाही. 'काय न्हाई,' म्हणाली, 'सहज मारली.' सायरबाई म्हणाल्या, 'सहज? मेरा तो जीव गेला! बसा आता, चहा घेतल्याशिवाय सोडत न्हाई.'

अर्ध्या तासानं जाऊन बघतो तर गुडघे संपून विषय सुनांवर आला होता. सायरबाई: 'माझी बहू चांगली हाय, पण मोबाइलशी बोलती.' आई: 'माझी माणसाशी बोलती, पण शाळेत शिकवून दमून येती. मंग कसली बोलती!' रेणुका दारातच उभी होती. खोकली. दोघी गप!

आई: 'पसंत. जल्दी कर.'

अर्पितशी भाव सुरू. तो मधेच अंगणात जाऊन बायकोला फोनवर हळूच म्हणाला, 'आज फायनल करूनच निघतो.' माझ्या कानावर पडलं, त्याला मी काय करणार! दोन लाख उतरवले. येत्या रविवारी इसार द्यायचा, सौदा पक्का.

२० जानेवारी

आईचा फोन. 'सायरबाई कुठं राहणार?'

पुण्याला, पोराकडं, म्हटलं.

'मंग मी हाक कुणाला मारू? घर नको.' फोन बंद!

चिडलो. दोन दिवसांत पसंतीचं नापसंत! रेणुका पोळ्या करता करता म्हणाली, 'अहो, सकाळी मी शाळेत, तुम्ही दुकानात, पोरं क्लासला. दिवे लागेपर्यंत त्या घरात कोण?'

टेंभुर्णीत आईला ताप आला तेव्हा शेजारची दैवशाला धावली, पेज करून घातली, मला फोनही तिनंच केला. का? तर आईनं भिंतीपलीकडं हाक मारली म्हणून. मी त्या कॉलनीत शेजारच्यांचं घड्याळ ऐकून खूश झालो होतो. माणूस एकही ऐकू आलं नाही, हे ध्यानातच आलं नाही. आणि मी कानाचा माणूस!

टेंभुर्णीत तिला ओ देणारं कुणी आहे. तिथून काढायचं तर तेवढं तरी दिलं पाहिजे. न्हाई तर ती येणार नाही. आली तरी राहणार नाही.

२५ जानेवारी, रविवार

इसाराचे पैसे खिशात, आई गाडीत. पैसे काढले नाहीत. अर्पितला सरळ विचारलं, घर विकतोस कशाला? पैशाची नड आहे का?

'न्हाई हो काका. मम्मी इथं एकटी. पावसाळ्यात न्हाणीत घसरली, दुधवाला येईपर्यंत पडून होती. मला तिकडं झोप लागत नाही.'

माझंच दुखणं, त्याच्या तोंडून! लगेच नवा सौदा ठेवला: घर मी घेतो, पण मागच्या दोन खोल्यांत सायरबाई भाड्यानं राहतील, हवे तितके दिवस. आमची आई पुढं, त्याची मागं. हाकेला हाक. अर्पितचा चेहरा उजळला. म्हणाला, घरी विचारून आठ दिवसांत सांगतो. सायरबाई बाजूलाच मूग निवडत होत्या, आईही त्यांच्या ताटात हात घालून निवडत होती.

येताना मी लई खुशीत. रेणुकाला म्हटलं, सौदा याला म्हणतात! दोन लाख कमी, आई राजी, आणि वर मालकीणच माझी भाडेकरू! जालन्यात दुसरा कुणी करून दाखवावा.

मागच्या सीटवरून आई: 'तिला इचारलं का?'

म्हटलं, पोरगा हो म्हणतोय, ती कशाला न्हाई म्हणेल?

आई खिडकीबाहेर बघून हसत होती.

१ फेब्रुवारी, रविवार

आई बदनापूरला आली, बिस्तरा-पेटी घेऊन. टेंभुर्णीच्या घराची किल्ली दैवशालाकडं. संध्याकाळपासून मागच्या खोलीत हसण्याचा आवाज.

सायरबाई घर विकत नाहीत. पुढच्या तीन खोल्या आम्हाला भाड्यानं दिल्या. करार अकरा महिन्यांचा.