उरलेल्या गोळ्यांचा डबा

आई, लांबूनच पाया पडते.

मी बरी आहे, पण आज जेवण तसंच टाकून तुला लिहायला बसले. वॉर्डात एक सून आलीय. अंगदुखीवर सासूने घरात उरलेल्या गोळ्या दिल्या. अंगावर पुरळ, तोंडात फोड आले, तर म्हणे "उष्णता झालीय," आणि गोळ्या चालूच! आज चादर बदलताना पाठीची कातडी चादरीबरोबरच सोलून निघाली. शी! जखमांच्या वासापेक्षा मला सासूचीच शिसारी आली. वर मलाच विचारते, "आजची गोळी देऊ का?"

बाबांचे गुडघे कसे आहेत? गोळीनंतर पुरळ उठलं, तर गोळी बंद आणि थेट दवाखाना. तुझा तो उरलेल्या गोळ्यांचा डबा आजच फेक.

सासू दुष्ट नाही गं. अगदी तुझ्यासारखी मायाळू आहे.

तुझी चिडलेली नर्सबाई